परसातला ३ × ६ मीटरचा पॉलिटनेल: सांगाडा तिरका, कागद ढिला

परसबाग: पाइपच्या कमानींवर प्लास्टिकचा कागद ताणून बोगद्यासारखं हरितगृह (पॉलिटनेल) केलंय. ५ कमानी, दीड-दीड मीटरवर. सांगाडा एका अंगाला झुकलाय आणि कागदावर पाणी साचतं. कुठे चुकलं?

बांधावरचा: आधी पायाच्या चौकोनाचे कर्ण (समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरकं अंतर) मोजा. ३ × ६ ला दोन्ही कर्ण ६.७१ मीटरच भरायला हवेत. फरक असेल तर पायाचे पाइप उपटून परत ठोका, वरून ओढाताण करून काही होत नाही. पाइप ६० सेंमी खोल हवेत. काळ्या मातीत काँक्रीट भराच, ती फुगते-आकसते आणि पाइप हलतात. टोकाच्या कमानींना तिरके आधारही द्या.

शेडनेटवाला: कागद सकाळच्या गारव्यात ताणला असणार. उन्हात तो प्रसरण पावतो, झोळ पडतो, त्यात पाणी. ऊन वर आल्यावर, वारा पडलेला असताना ताणा. आधी माथ्यावर मधोमध, मग दोन्ही बाजूंना एकदमच झिगझॅग स्प्रिंग (कागद खाचेत दाबून धरणारी नागमोडी तार) बसवत जा. छापील बाजू बाहेर!

परसबाग: माथ्यावर आडवा पाइपच नाहीये.

शेडनेटवाला: मग झोळ पडणारच. तो पाइप आधी बसवा. पाइप जोडणाऱ्या क्लॅम्पचे नट आतल्या बाजूला घ्या, नाहीतर कागद तिथेच फाटतो.