प्रतिसाद: कुत्र्याच्या बुजऱ्या पिल्लाला घर शोधताना

'लहान मुलं असलेल्या घरात द्या, आपोआप माणसाळेल' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटलं नाही. धीट पिल्लाचं ठीक आहे, बुजऱ्याचं नाही. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू माणसं, आवाज, वस्तू बिनधास्त स्वीकारतं. त्यानंतर सापडलेल्याला वेळ लागतोच, आणि चार पोरं अंगावर धावून आली तर ते आणखी आक्रसतं.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ उभ्या टेम्पोखाली मिळालेली आमची पाहुणी, घर मिळेपर्यंत सांभाळलेली अशीच एक बुजरी, पहिले पाच दिवस वॉशिंग मशीनच्या मागेच होती. मी तिच्याकडे पाठ करून फरशीवर पेपर वाचत बसायचो, बाजूला उकडलेल्या अंड्याचे तुकडे. सहाव्या दिवशी पाठीला ओलं नाक लागलं! शेवटी ती इंदिरानगरच्या एका निवृत्त जोडप्याकडे गेली. त्यांच्याकडे आठ वर्षांची शांत कुत्री आहे, तिच्या मागे मागे फिरूनच ही जिना चढायला शिकली. काका-काकूंना आधी तीनदा आमच्याकडे बोलावलं होतं, मगच पाठवली.

अजून एक, जे इथे कुणी म्हटलं नाही: अशी पिल्लं नव्या घरातून पहिल्या काही दिवसांतच पळतात, बहुतेकदा दार उघडं राहिलं म्हणून. पिल्लू मागे सरकलं की नुसता गळपट्टा डोक्यातून निघतो, तेव्हा छातीचा पट्टा घालूनच द्या. आणि दिवाळीच्या तोंडावर तर मुळीच देऊ नका, फटाके संपेपर्यंत आपल्याकडेच राहू दे.