गृहकर्जाचं जास्तीचं व्याज बँकेकडून परत कसं मागायचं?

घरधनी:
मंडळी, सल्ला हवाय. 2017 चं एमसीएलआरवरचं, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणाऱ्या दराचं, गृहकर्ज. 2025 मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला, माझा दर जेमतेम पाव टक्का उतरला. शाखेत म्हणतात, "सिस्टीममधून येतं." धाकट्या भावाचं नवं कर्ज वेगळ्या बँकेत, त्याला चेक दहा दिवसांनी हातात दिला, व्याज मात्र चेकवरच्या तारखेपासून. वकील गाठू का?

जमाखर्च:
दोन्ही भांडणं एकत्र करू नका. भावाची बाजू भक्कम आहे. 29 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने नेमकी हीच खोड पकडली होती आणि जास्तीचं व्याज परत करायला सांगितलं होतं. मंजुरीपत्र, चेक मिळाल्याची तारीख, खातेउतारा जोडून लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठायचं नाही!

तुमच्या बाबतीत नियमभंग असेलच असं नाही. एमसीएलआरच्या बऱ्याच करारांत दर वर्षातून एकदाच बदलतो, तुमचा करार तपासा. ऑक्टोबर 2019 पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. जुन्यांना आपोआप नेत नाहीत, मागावं लागतं. 20 लाख शिल्लक असतील तर एक टक्का म्हणजे वर्षाला जवळपास 20 हजार. आजच अर्ज टाका.

खवचट:
म्हणजे गप्प बसणाऱ्याने जास्त भरायचं. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासगटाने बँका दर मनमानी पद्धतीने ठरवतात असं लिहिलं. मनीलाईफ फाउंडेशन ही ग्राहकांसाठी काम करणारी संस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मग नियम आला, तोही नव्या कर्जांपुरता.

मीनाताई:
हाऊसिंग फायनान्स कंपनी असेल तर रेपोजोडणीची ती सक्ती लागू नाही हं.

घरधनी:
नाही ताई, बँकच आहे.

मीनाताई:
मग वकील नको. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर भावाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येईल, फी नाही. तुमच्यासाठी दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र आणून दाखवणं जास्त लागू पडेल. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, हे त्यांनाही ठाऊक असतं. फक्त खरंच हलणार असाल तर प्रक्रिया शुल्क, मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा (घर गहाण ठेवल्याच्या सरकारी नोंदीचा) खर्च आधी मांडून बघा. थोडीच वर्षं उरली असतील तर बचत त्यातच जाते.