भूल दिल्यावर माणसाची जाणीव जाते कुठे?

रात्रपाळी:
मागे हर्नियाचं ऑपरेशन झालं, पूर्ण भूल दिलेली. सुईतून ते दुधासारखं पांढरं औषध सोडलं एवढं आठवतंय आणि एकदम कोणीतरी "काका, डोळे उघडा" म्हणतंय, मधला वेळ गायबच. झोपेतून उठल्यावर निदान वेळ गेलाय एवढं तरी कळतं, इथे तेही नाही. मेंदू तर चालूच होता ना? मग जाणीव तयार करणारा वेगळा भाग असतो आणि तेवढाच बंद करतात का? आत्मा वगैरे नको प्लीज, ते घरी भरपूर ऐकून झालंय.

हिरवी_मिरची:
ते औषध बहुतेक प्रोपोफॉल. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना गप्प बसवतं, प्रोपोफॉल त्याचा जोर वाढवतं. पण सगळं बंद पडत नाही, भुलेतही आवाजाला मेंदू थोडाफार प्रतिसाद देतो, तुटतो तो वेगवेगळ्या भागांचा आपापसातला संपर्क. मासिमिनी, तोनोनी वगैरे मेंदूशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये डोक्याबाहेरून चुंबकीय झटका देऊन ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) बघितला, जागेपणी त्याचा परिणाम लांबवर पसरत जातो, गाढ झोपेत जिथल्या तिथे विरतो. आणि वेगळ्या भागाचं म्हणाल तर लहान मेंदू (डोक्याच्या मागच्या बाजूला खाली असतो तो) बघा, मेंदूतल्या ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज तिथेच, तरी जन्मापासून तो नसलेली माणसं आहेत, तोल आणि बोलण्यात अडचण येते पण जाणीव शाबूत. म्हणजे नुसत्या पेशी मोजून काही हाती लागत नाही.

शून्य_गुण:
पेशींच्या आतल्या बारीक नळ्यांमध्ये, मायक्रोट्यूब्यूल्समध्ये, क्वांटम लेव्हलवर जाणीव असते, भौतिकशास्त्रज्ञ पेनरोजनी सांगितलंय. आपल्याकडे हे आधीच माहीत होतं.

हिरवी_मिरची:
पेनरोजचा जोडीदार हॅमेरॉफ स्वतः भूलतज्ज्ञच, त्यामुळे विषय सोडून नाहीये तुमचं. पण बहुतेक मेंदूवाल्यांना ते पटलेलं नाही. आणि "आधीच माहीत होतं" मध्ये प्रोपोफॉलचा डोस किती तेही लिहिलं असेल तर सांगा :)

तिरपागडा:
मिरचीताई, संपर्क तुटतो हे मान्य, पण संपर्क असला की काहीतरी 'वाटतं' ते का, हे त्यातून कुठे कळतं? तत्त्वज्ञ चाल्मर्स नेमकं हेच विचारतो. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ कॉखने त्याच्याशी पैज लावली की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सगळ्यांसमोर वाइन देऊन हरला. ती तर नुसती खुणेची पैज होती, 'का' पुढेच राहिलं.

दुसरं, रात्रपाळी, मधलं काही आठवत नाही म्हणजे काही जाणवलंच नव्हतं हे तुम्ही धरून चाललाय. स्नायू ढिले करायचं औषध द्यायच्या आधी एका दंडाला पट्टा आवळायचा, म्हणजे ते औषध त्या हातात पोचत नाही आणि तो हलू शकतो, आणि मग भुलेतल्या माणसाला सांगायचं, ऐकू येत असेल तर हात दाबा. २०१७ च्या एका अभ्यासात २६० पैकी १२ जणांनी दाबला.

रात्रपाळी:
बापरे. दुखत होतं का त्यांना?

तिरपागडा:
तेही विचारलं होतं, १२ पैकी ५ जणांनी हो म्हणून परत हात दाबला. शुद्धीवर आल्यावर एकालाही काही आठवत नव्हतं.