भाऊ घरी आला की पुन्हा बिघडतो, परत ऍडमिट करू का? लवकर सांगा

वैतागबाई: भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वॉर्डात एकदम शांत. घरी आणला की थोड्याच दिवसांत पुन्हा रात्रभर जागरण, खिडकीतून कुणी बघतंय म्हणतो. या वेळी जास्त दिवस ठेवून घ्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू का? प्रवचन नको.

निमूट: औषध कोणतं? घेतो का?

वैतागबाई: चालू आहे, सांगितलं ना.

निमूट: नाही सांगितलंत.

झोपमोड: चालू असणं वेगळं आणि गिळणं वेगळं. माझा मुलगा गोळी गालात धरून ठेवायचा. पॅलिपेरिडोनचं महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं, वॉर्ड सुटला. सरळ तेच मागा.

तिरकस: सगळ्यांना एकच इंजेक्शन? दोन औषधं नीट देऊनही फरक नसेल तर क्लोझापीनचा विचार करतात.

झोपमोड: त्याला सुरुवातीला दर आठवड्याला रक्ततपासणी. दोन दिवसांहून जास्त खाडा पडला की पुन्हा अगदी कमी डोसपासून, १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात. गोळ्या लपवणाऱ्याला हे देणार?

तिरकस: लपवतो हे तुम्हीच ठरवलंत.

सदाहरित: माझ्या आत्याची अर्धशिशी मॅग्नेशियमने गेली.

वैतागबाई: अर्धशिशी कुणी विचारली? औषध ओलान्झापीन आहे. मी समोर बसून देते, तोंड उघडायला लावते.

निमूट: सिगरेट?

वैतागबाई: घरी दिवसभर. वॉर्डात बंदी. प्रवचन नको म्हटलं ना!

निमूट: प्रवचन नाही, हाच मुद्दा असू शकतो. सिगरेटच्या धुराने यकृत ओलान्झापीन लवकर मोडतं. वॉर्डात सिगरेट बंद असताना बसवलेला डोस घरी अपुरा पडतो. क्लोझापीनचंही तेच. हे निकोटिनमुळे नाही, धुरामुळे होतं. नुसते दिवस वाढवून हे सुटणार नाही. डॉक्टरांना सिगरेटचं सांगा, रक्तातली औषधाची पातळी तपासता येईल का विचारा. डोस स्वतः वाढवू नका, सिगरेटही परस्पर बंद करू नका, औषध अंगात चढतं.

तिरकस: शिवाय सतत बोलणी बसणाऱ्या घरात हा आजार लवकर उलटतो, यावर बरंच संशोधन आहे.

वैतागबाई: म्हणजे माझ्यामुळे?

तिरकस: तसं म्हटलं नाही. तोंड उघडायला लावता, एवढंच वाचलं.

निमूट: भांडण नंतर. स्वतःला किंवा कुणाला इजा करेन असं बोलतो का? जेवतो का? तसं काही असेल तर आजच न्या.

वैतागबाई: तसं नाही. जेवतो. सकाळी डॉक्टरांना फोन करते.

झोपमोड: पॅलिपेरिडोनला धुराने फरक पडत नाही, म्हणूनच मी पहिल्यापासून...

तिरकस: धुराचं तुम्ही आत्ता वाचलंत.