डॉकिंगला मराठीत काय म्हणायचं? आणि आपण नक्की कितवे?

मुलीच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी स्पेडेक्सवर (२०२५ मध्ये इस्रोने अंतराळात दोन उपग्रह एकमेकांना जोडले, म्हणजे डॉकिंग केलं, ती मोहीम) चार ओळी लिहायच्यात आणि पहिल्याच ओळीत अडलोय. 'संलग्नीकरण' लिहिलं तर पोरगी म्हणते, बाबा ते कॉलेजचं असतं ना. डॉक म्हणजे आपल्या मुंबईत गोदी, मग 'गोदीकरण' चालेल का? बोलीतलं काही सुचवा.

—

दादा, गोदी नको. गोदी जागची हलत नाही. रेवसहून लाँच भाऊच्या धक्क्यावर येते तेव्हा बघा, वेग कमी होतो, खलाशी दोर टाकतो, कडेला लटकवलेले टायर धक्क्याला घासतात आणि लोक म्हणतात 'लागली'. इथे ४७५ किमी वर धक्कासुद्धा पळतोय, साधारण २२० किलोचे दोन उपग्रह, दोघंही ताशी २७ हजार किमीच्या पुढे, आणि एकमेकांकडे मात्र सेकंदाला जेमतेम १० मिलिमीटरने सरकायचं, म्हणजे किती नाजूक काम आहे ते बघा. पण शब्द त्या 'लागली'तच आहे असं मला वाटतं.

—

माझं पण मत 'लागणं'ला. गाडीला इंजिन लागलं असंच म्हणतात ना. आमचे वडील रेल्वेत होते, लहानपणी व्हीटीला फलाटाच्या टोकाशी मला उभं करायचे. इंजिन मुंगीच्या पावलांनी यायचं, खट्ट आवाज, मला वाटायचं झालं, पण मग एक माणूस खाली उतरून कपलिंग पिळून आवळायचा, ब्रेकचे पाइप जोडायचा, तेव्हा कुठे बाबा म्हणायचे, 'आता लागलं'. इस्रोचं पण तसंच आहे, आधी पकडायचं, मग ओढून घ्यायचं, मग आवळून घट्ट करायचं, आणि नंतर एकाची वीज दुसऱ्याला देऊन पण दाखवली. १३ मार्चला वेगळे केले त्याला 'सुटले' म्हणा, जोडी छान जमते.

आणि एक, १२ जानेवारीला ३ मीटरपर्यंत आणून मागे नेले तेव्हा लोक लगेच 'फसलं' म्हणायला लागले त्याचं मला फार वाईट वाटलं. ती चाचणी होती हो. चाचणीला फसलं म्हणू नये.

—

शब्दच तपासायचे तर भारत हा डॉकिंग करणारा 'चौथा देश' म्हणतात ते पण तपासा. अमेरिका १९६६, सोव्हिएत रशिया १९६७, चीन २०११ आणि मग आपण, ही इस्रोची गणती. पण जपानने १९९८ मध्ये ईटीएस-७ मोहिमेत ओरिहिमे आणि हिकोबोशी हे जोडीने पाठवलेले उपग्रह वेगळे करून परत आपोआप जोडले होते. ते धरलं तर आपण पाचवे.

—

ताई, प्रत्येक वेळी जपान काढायलाच हवा का? मुलांना अभिमान वाटू द्या की.

—

वाटू द्याच, मलाही वाटतो. भारतीय डॉकिंग सिस्टीम आपल्या लोकांनी घडवली, पहिल्या मोहिमेत जमवली आणि एप्रिलमध्ये परत एकदा करून दाखवली. चांद्रयान-४ आणि पुढचं अंतराळ स्थानक याच्यावर उभं राहणार आहे. हे सगळं पाचवं असलं तरी तेवढंच मोठं आहे. 'इस्रोच्या गणतीप्रमाणे चौथा' लिहा, मग वर्गात कोणी जपानचं विचारलं तर पोरगी गडबडणार नाही.

—

सगळ्यांचे आभार. '१६ जानेवारी २०२५ ला एक उपग्रह दुसऱ्याला लागला' असं लिहिलं तर मुलगी विचारते, लागला म्हणजे आपटला का.

—

'अलगद येऊन लागला' करा.

—

केलं. तिला पटलं, आता ती रंगवत बसलीये.