मदत हवी आहे: रोबोट हसला की आजी घाबरते

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. दरवर्षी दिवाळीला आमच्या वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याचे डोळे नि जबडा मोटरवर फिरवतो, त्याच नादात यंदा माणसासारखं डोकं करायला घेतलं. ९ ग्रॅमवाल्या दहा सर्वो मोटर (सांगू तेवढ्याच कोनात फिरणाऱ्या), त्या सगळ्या एकत्र चालवायला १६ चॅनलचा पीसीए९६८५ बोर्ड, वर सिलिकॉनची कातडी. राग झकास जमतो (हात त्यातच बसलाय ना!). हसू मात्र जमेना. ओठांचे कोपरे वर जातात, डोळे थिजलेलेच. आजी म्हणाली, "बाबा, त्याच्यावर फडका टाक आधी."

जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलेली 'अनकॅनी व्हॅली' ती हीच, म्हणजे जवळजवळ माणसासारखं पण पुरतं नाही असं काही दिसलं की अंगावर काटा येतो, एवढं कळतंय. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळतो, गाल वर येतात, खालची पापणी किंचित उचलते. ही पापणी हलवायची कशी? मासेमारीच्या तंगूसाने ओढून पाहिली, तर सुरकुती भलतीकडेच पडते. तिथली कातडी पातळ ओतू का? की कातडीच काढून अमेरिकेतल्या एमआयटीच्या किस्मेट रोबोटसारखा उघडा यांत्रिक चेहरा ठेवू? तो तर भुवया, पापण्या, कान नि ओठ हलवून भाव दाखवायचा.

सिलिकॉनचे साचे केलेलं कोणी आसपास असेल तर प्लीज सांगा. गणेशचवथीला घर पाहुण्यांनी भरणार आहे.