मदत हवी आहे: सर्व्हेच्या रिपोर्टमधले '२२ ओहम-मीटर' म्हणजे पाणी की नुसती चिकणमाती?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला आमचं गावचं घर आहे. मागे सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार), पुढे उतरती जागा, मग माड आणि खाडी. विहीर आजोबांच्या वेळची, चिऱ्यात बांधलेली. होळी झाली की तळ दिसायला लागतो आणि मे महिन्यात कळशी बुडत नाही. आईबाबा आता कायमचे तिथेच राहायला गेलेत, त्यात कलमांची नवी लागवड. म्हणून यंदा विहीर नाहीतर बोअर, काहीतरी करायचंच.

सळ्या ठोकून, वायर पसरून करतात तो विद्युत रोधकतेचा सर्व्हे एका खाजगी माणसाकडून करून घेतला. जागा घराच्या मागे, सड्याच्या पायथ्याशी. रिपोर्ट असा आहे (आकडे रोधकतेचे, ओहम-मीटरमध्ये):

० ते ५ मीटर – १,९०० ओहम-मीटर, सुका जांभा
५ ते १६ मीटर – २२, 'पाणी'
१६ ते ३० मीटर – ११०, कातळ
३० ते ८० मीटर – ३८, 'भेगाळ कातळ, भरपूर पाणी'

शिफारस: २५० फूट बोअर.

माझं घोडं इथेच अडलंय. शेजारच्या काकांची विहीर खणताना जांभा संपल्यावर पांढरट-जांभळी चिकट माती लागली होती, फावडं सोडेना अशी. त्या मातीतून पाण्याचा टिपूस आला नाही. पाणी आलं ते तिच्या वरून, जांभ्याच्या बुडातून. मग आमच्याकडचे २२ म्हणजे तीच माती नसेल कशावरून?

दुसरं, एका बाजूला गडगा (दगडी कुंपण) आणि दुसऱ्या बाजूला व्हाळ (ओढा), त्यामुळे टोकाच्या दोन सळ्यांमधलं अंतर १२० मीटरच्या पुढे गेलंच नाही. एवढ्यात ८० मीटरपर्यंतचं कळतं का?

तिसरं, घर खाडीपासून जेमतेम १८ मीटर उंचावर आहे आणि खालच्या वाडीतल्या बोअरला मचूळ पाणी लागलंय.

बाबांनी तोवर पाणाडी आणला. त्याचा नारळ फणसाखाली उभा राहिला. बाबांचं म्हणणं, दोघांच्या जागा वेगळ्या, म्हणजे एक जण नक्की चुकतोय. मला तर दोघांचीही खात्री वाटत नाही. जाणकारांनी सांगावं.

सड्यावरचा:
तुमच्या तिन्ही शंका रास्त आहेत. रोधकतेचं यंत्र पाणी दाखवत नाही, जमिनीतून वीज किती सहज जाते तेवढंच दाखवतं; आकडा जितका कमी तितकी सहज. चिकणमातीतून ती सहज जाते, कुजलेल्या (झिजून मऊ झालेल्या) ओल्या कातळातूनही जाते. २०-३० चा आकडा दोघांचाही असू शकतो, नुसता कागद बघून कोणी ठामपणे सांगत असेल तर त्याला नमस्कार करून निघावं. यावर उपाय एकच: काकांच्या विहिरीशेजारी त्याच यंत्राचं एक वाचन घ्यायला लावा. तिथले थर डोळ्यांनी पाहिलेले आहेत. तिथेही मातीच्या खोलीला २०-२५ आले तर तुमचं उत्तर मिळालं.

आता खोली. टोकाच्या सळ्यांमधल्या अंतराच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकं खोल दिसतं असं धरा. १२० मीटरला २५-३० मीटर. शिवाय गणितात शेवटच्या थराला तळ नसतोच, तो खाली कितीही जातो असं धरलेलं असतं. त्यामुळे '८० मीटर' हा आकडा मोजलेला नाही, रिपोर्ट लिहिताना घातलेला आहे. '३८, भरपूर पाणी' यावर बोअरचे पैसे लावू नका.

मालवणी माणूस:
मशीन काय नि नारळ काय, पाणी आसात थंयच गावतला! 😀 पण खरंच, बोअरवाला फुटावर पैसे घेतो, त्याला खोलच जायचं असतं हे विसरू नका.

खाडीकाठ:
२५० फूट म्हणजे ७६ मीटर. घर १८ मीटरवर, म्हणजे बोअरचा तळ समुद्रपातळीच्या ५८ मीटर खाली. किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं, असा ढोबळ हिशोब. तो वाळूसाठीचा. कातळात भेग खाडीकडे निघाली तर हिशोब कोलमडतो. आणि जोरात उपसलंत तर खालचं खारं वर खेचलं जातं. मे महिन्यात आसपासच्या विहिरी-बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) तपासा, मीटर स्वस्त मिळतो. पिण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरी सोयच नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा.

माझं मत विचाराल तर बोअर नकोच. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपून त्या मातीवर अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यातून बाहेर येतं. मोठ्या व्यासाची विहीर तिथे घ्या, माती पार करून कुजलेल्या कातळापर्यंत. वरचं पाणी दिवाळीपर्यंत उतरतं, उन्हाळ्याचा भरवसा खालच्या थरावर.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काकांकडे विचारलं, ते तयार आहेत. व्हाळाच्या वरच्या अंगाला एक जागा आहे, तिथे फेब्रुवारीपर्यंत ओल असते. वाचन तिथेही घ्यायचंय. वायर उताराच्या दिशेने टाकू की आडवी?

सड्यावरचा:
आडवी. उताराच्या दिशेने टाकलीत तर एक टोक जांभ्यावर आणि दुसरं मातीवर येईल, आलेख वेडावाकडा होईल. तारेचं कुंपण, विजेचे खांब, लोखंडी पाइप यांपासून लांब राहा. सुक्या जांभ्यात सळी नीट टेकत नाही, बुडाशी मिठाचं पाणी ओता, पण थोडंच. आणि सळ्यांची अंतरं व प्रत्येक वाचन लिहिलेला मूळ तक्ता मागून घ्या. नुसता रंगीत कागद नको.

खाडीकाठ:
जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयातही चक्कर मारा. त्यांच्या निरीक्षण विहिरी असतात, पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. तुमच्या पाणलोटात एखादी असेल तर मे महिन्याचे आकडे मागा.

धागाकर्ता:
सोमवारी जातो. फणसाखाली पण एक वाचन घ्यावं का? बाबांना तेवढंच बरं वाटेल.

मालवणी माणूस:
घ्या की. काकांच्या विहिरीसाठी माणूस येणारच आहे, वायर तीच.